दबलेलं गवत

चित्रासमोर उभी असलेली पुनमवहिनी कुणाला काही सांगावं म्हणून बोललीच नव्हती. पदर खांद्यावर सारखा करत, आपल्याशीच बोलावं तशी ती म्हणाली, “हे तं आपल्या घरचं. हे भिंतीवर होतं तवा तुमचे दादा जिते होते,” आणि पुढच्या चित्राकडं सरकली. प्रणित तिच्या बाजूलाच उभा होता, हातात चहाचा कागदी कप घेऊन. आपल्या चित्रांच्या या प्रदर्शनात कुणी काहीही बोललं की हसून मान हलवायची, ही त्याची सवयच झाली होती. तशी त्यानं ती हलवली, आणि हलवून झाल्यावर ते वाक्य त्याच्या आत पोचलं. म्हणजे काय, असं विचारायला तो वळला, तेवढ्यात दारापाशी प्लास्टिकच्या खुर्चीवर बसलेल्या आईनं, रुखमाबाईनं, हाक मारली. तिच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं. आज तपासणीसाठी दोघी चंद्रपूरला आल्या होत्या आणि बसला वेळ होता म्हणून वहिनी तिला घेऊन इकडं वळली होती. काळ्या चष्म्याआडून आईला त्या भिंतींवरचं काय दिसत होतं कोण जाणे. गावाकडची, सावलीची बस चुकेल, एवढंच तिचं चाललं होतं. वहिनीनं तिच्या बगलेत हात घातला, ‘येतो भाऊजी’ म्हटलं, आणि दोघी बाहेरच्या उन्हात उतरल्या. प्रणित त्यांना रिक्षापर्यंत सोडायलासुद्धा गेला नाही. तो त्या चित्रासमोर उभाच राहिला आणि ते चित्र आपण आज पहिल्यांदा पाहतोय, असं त्याला वाटू लागलं.

चित्रात काही नव्हतं. म्हणजे गवत होतं, पुरुषभर उंचीचं, वाळलेलं, पिवळं. इतकं पिवळं की बघणाऱ्याच्या तोंडाला कोरड पडावी. आणि मधोमध गवत दबून एक जागा रिकामी झालेली. हॉलमध्ये अशी सात मोठी चित्रं होती आणि प्रत्येकात कुठं ना कुठं ती जागा होती. एकातही वाघ नव्हता, पण पाहणाऱ्या प्रत्येकाला तो माहीत होता. कारण प्रणित रामटेके या चित्रकाराच्या थोरल्या भावाला, मिथुनला, जंगलात मोहाची फुलं वेचायला गेला असताना वाघानं मारलं होतं आणि त्यानंतर प्रणितच्या हातून ही पिवळी चित्रं उतरली, हे आता सगळ्यांना ठाऊक झालं होतं. हॉलच्या दुसऱ्या टोकाला दिव्यानी कॉलेजच्या मुलींना तेच सांगत होती. ती मूळची इथलीच, आता मुंबईत राहून चित्रांवर लिहायची. जूनमध्ये तिथल्या एका मोठ्या गॅलरीत ही चित्रं लागणार होती, सोबत पुस्तक निघणार होतं, आणि त्या पुस्तकातला मजकूर दिव्यानीचा होता. “हे पहिलं चित्र,” ती म्हणत होती, “भाऊ गेल्यावर खोलीचं दार लावून केलेलं.” मुलींनी माना खाली घातल्या. प्रणितलाही मान खाली घालावीशी वाटली, पण वेगळ्याच कारणानं.

तो पायीच घरी निघाला. जटपुरा गेटाखालून गाड्यांच्या गर्दीतून वाट काढताना त्याला ती दार लावलेली खोली स्पष्ट दिसत होती. नागपुरातली भाड्याची खोली, खिडकीला वर्तमानपत्र चिकटवलेलं. गावाहून फोन आला तेव्हा तो एका मंगल कार्यालयाचं नक्षीकाम रंगवत होता. गावात पोचला तेव्हा दादा पांढऱ्या कपड्यात गुंडाळून अंगणात होता आणि कुणी त्याचं तोंड उघडू दिलं नाही. नको पाहू, असं प्रत्येक जण म्हणाला, आणि त्यानं पाहिलं नाही. मग परत नागपूर, आणि ती खोली. ब्रश टाकून देऊन तळहातानं पिवळा थापल्याचं त्याला आठवत होतं. नखांतला पिवळा कितीतरी दिवस निघाला नव्हता. जेवताना वरणभातात तो रंग उतरतोय असं वाटायचं आणि घास तोंडाशी थांबायचा. हे खोटं कसं असेल? नखं खोटी असतात का? पण वहिनी खोटं बोलेल, हेही त्याला पटत नव्हतं. तिला चित्रांशी काही देणंघेणं नव्हतं. भिंतीवर कधी काय होतं, हे ज्या बाईनं ती भिंत दर पावसाळ्यानंतर सारवली तिला नाही कळणार, तर कुणाला?

शहराच्या तुकुम भागातल्या त्याच्या खोलीत वरच्या मजल्यावर दिवसभराची गरमी साठून राहिली होती. त्यानं अंगातला शर्ट काढला आणि फरशीवर आडवा झाला. आठवण अशी असते, की एक कोपरा सुटला की सगळी चादर सरकते. त्याला आता आठवू लागलं की धानाच्या कापणीला तो गावी गेला होता, एसटीच्या टपावर काहीतरी मोठं, चादरीत गुंडाळलेलं बांधून. काय होतं ते? दादानं ते खाली उतरवून घेतलं होतं आणि दोन्ही हात ताणून डोक्यावर धरून गल्लीतून नेलं होतं, हे दिसत होतं. पण चादरीच्या आत काय होतं, ते दिसत नव्हतं. ते हे चित्र असेल तर ते दादाच्या मरणाच्या आधीचं. कापणी दिवाळीच्या सुमारास, मोह चैत्रात. मग त्या गवतात ती रिकामी जागा कुठून आली? काहीच झालेलं नव्हतं तेव्हा त्याला काय झालं होतं? त्या वर्षी तो कुणावर प्रेम करत नव्हता, कुणी त्याला सोडून गेलं नव्हतं, दोन वेळचं नीट मिळत होतं. आपल्या हातानं आधीच ती जागा रिकामी करून ठेवली होती का, असा एक विचार आला, आणि तो उठून बसला.  मोरीपाशी जाऊन त्यानं तोंडावर पाणी मारलं.

सकाळी दिव्यानीचा फोन आला. मजकूर आज पाठवायचा होता. प्रणितनं तिला अडखळत सांगितलं की कदाचित पहिलं चित्र आधीचं आहे, भाऊ जायच्या आधीचं, त्याला नक्की आठवत नाही.  तिला राग येईल असं त्याला वाटलं होतं. तसं झालं नाही.

“प्रणितदादा, मग तर हे जास्तच मोठं आहे,” ती हळू आवाजात म्हणाली. “चित्राला आधीच कळलं होतं. मी तसं लिहिते.”

“तसं नको लिहू.”

“मग कसं लिहू? तुम्ही सांगा.”

 दोन दिवस दे, म्हणाला. फोन ठेवल्यावर त्याच्या लक्षात आलं की चित्रांभोवतीची ही गोष्टच अशी आहे, तिच्यात काहीही टाका, ती ते गिळते आणि आणखी जाडजूड होते. आधी दुःखामुळं चित्र. आता चित्रामुळं दुःख. दोन्हीकडून दादा मेलेलाच. तो जिवंत असताना काढलेलं चित्रसुद्धा आता त्याच्या मरणाचंच झालं होतं. मिथुनदादा, जो जेवताना इतक्या मोठ्यानं हसायचा की आई त्याच्या पाठीत धपाटा घालायची, ठसका लागेल म्हणून. जो लग्नाच्या वरातीत स्वतःच बँडवाल्याचा ढोल घेऊन गावभर बडवत फिरला. तो माणूस एकाही चित्रात नव्हता. एवढ्या वर्षांत प्रणितनं त्याचं तोंड एकदाही काढलं नव्हतं. काढायला बसावं म्हणून त्यानं एक कागद ओढला, कपाळ काढलं, भुवया काढल्या, आणि कानांपाशी थांबला. कान कसे होते? दादाचं हसणं आठवत होतं, आवाज आठवत होता. कान आठवत नव्हते. त्यानं कागद उलटा करून ठेवला आणि पायात चपला घातल्या.

गावाकडं जाताना मूल गावाच्या पुढं जंगल लागतं. गाडीत बायका आपसात बोलत होत्या त्या तिथं जराशा गप्प झाल्या. कुणी ठरवून नाही, आपोआप. रस्त्याच्या कडेला माणसं सायकलींवर घोळक्यानं चालली होती, एकटं कुणी नव्हतं. गवत अजून उभं होतं, पण चित्रातल्यासारखं पिवळं नव्हतं. मळकट होतं, धुळीनं करडं, मधे मधे जळालेलं. एवढा पिवळा त्यानं आणला कुठून? सावलीला उतरून तो ऑटोनं गावात गेला. घरी वहिनी ओसरीवर शिलाई मशीन चालवत बसली होती, आणि आई खाटेवर पाय लांब करून, काळा चष्मा लावून, मशीनचा आवाज ऐकत होती. आदल्या दिवशी भेटलेला पोरगा दुसऱ्या दिवशी दारात उभा म्हटल्यावर आई घाबरली. तब्येत बरी आहे ना, तिनं विचारलं. बरी आहे, तो म्हणाला. मग काऊन आला, तिनं विचारलं. त्यानं चपला काढून कोपऱ्यात ठेवल्या. वहिनीनं पाणी दिलं, चहा टाकला, आणि पुन्हा मशीनवर बसून पायानं चाक न फिरवता नुसतीच थांबली. तो कशासाठी आला, ते तिला कळलं असावं.

त्यानं विचारलं तेव्हा तिनं सगळं सरळ सांगितलं, जसं कुणी बाजारातलं सांगावं. चित्र त्यानं कापणीला आणलं होतं. दादानं ते धानाच्या कोठीवरच्या भिंतीला खिळे ठोकून लावलं. घरी येईल त्याला हात धरून तिथं नेऊन उभं करायचा. मग दादा गेल्यावर लोक भेटायला येत, चित्र पाहत आणि विचारत, इथीच बसला होता का वाघ? रोज कुणीतरी. तिला ते पाहवेना. तिनंच ते काढून, त्याच चादरीत बांधून, त्याच्याबरोबर नागपूरला धाडलं होतं. तुम्ही नेलं नाही भाऊजी, मी दिलं, ती म्हणाली. प्रणितला हे काहीच आठवत नव्हतं. मयतीनंतर परत जाताना त्याच्या हातात एवढी मोठी वस्तू होती आणि त्याला तिची आठवण नव्हती, हे त्याला त्या वस्तूपेक्षाही भयंकर वाटलं.

“पन ते जसंच्या तसं नाई आता,” वहिनी म्हणाली. “तुम्ही त्याच्यावर अजून रंग लावला. तवा उजव्या अंगानं एक पायवाट होती. काल पाह्यलं, तं नाई दिसली.”

म्हणजे नखांतला पिवळाही खरा.  मग त्यानं, ज्यासाठी आपण आलो ते हेच की काय असं वाटून, विचारलं, की दादा लोकांना चित्रासमोर उभं करून काय सांगायचा.

वहिनी हसली. इतक्या वर्षांत त्या माणसाचं नाव निघालं असताना ती पहिल्यांदाच हसली होती. “ते म्हनत, प्रनितनं मले काढलं. लोकं म्हनत, कुठी आहेस तू? तं ते दबलेल्या जागेवर बोट ठेवून म्हनत, इथी बसलो होतो, आत्ताच उठून गेलो.”

लहानपणी दोघं म्हशी राखायला जात, ती सांगू लागली, हे तिला मिथुननंच सांगितलेलं. दादा गवतात बसायचा, उठला की त्याची जागा दबून राहायची आणि धाकटा पळत येऊन तिथंच बसायचा. जागा गरम आहे म्हणायचा. प्रणितला असं काही आठवतंय का, ते त्याला कळेना. तिच्या तोंडून ऐकताना त्याला गवताचा खरखरीत स्पर्श मांडीखाली जाणवला, पण तो आठवणीतला होता की आत्ता ऐकून तयार झालेला, कसं सांगावं? आई खाटेवरून म्हणाली की तसलं काही नाही, ती हळद आहे, मिथुनच्या लग्नात यानं सगळ्यांच्या अंगाला फासली होती, तीच काढली. प्रणितनं वहिनीकडं पाहिलं. तिला काय दिसायचं, असं त्याला विचारायचं होतं. ती म्हणाली, मले तं गवतच दिसे.

चहा पिऊन झाला. बशी विसळून आल्यावर वहिनी त्याच्यासमोर खाली बसली, मशीनवर नाही, आणि आपल्या हाताकडं पाहत बोलू लागली. तिला एक सांगायचं होतं, काल हॉलमध्ये सांगायचं होतं, पण तिथं लोक होते. तिचं लग्न ठरलं होतं. माजरीचा माणूस, तिथल्या कोळशाच्या खाणीत कामाला, बायको आजारानं गेलेली. आदेश नाव. आईनंच स्थळ पाहिलं होतं. “मीच पाह्यलं,” आई खाटेवरून म्हणाली, “किती दिवस मह्या डोळ्यात औषध टाकत बसन ते?” बुद्धविहारात साधंसं लग्न होणार होतं, पाडव्यानंतर. आईला घेऊन जाऊ म्हटलं तर ती ऐकत नव्हती. तिला इथंच राहायचं होतं, आईच्या धाकट्या बहिणीची पोरगी सोबत येऊन राहणार होती. हे सगळं बायकांनी ठरवून झालं होतं. प्रणितनं ‘चांगलं झालं’ म्हटलं, आणि त्याला ते खरंच चांगलं वाटलं, आणि त्याच वेळी आपलं काहीतरी जातंय असंही वाटलं. त्याला स्वतःचीच लाज वाटली. वहिनी या घरात, या ओसरीवर, विधवा म्हणून बसलेली असणं हे आपल्या चित्रांना लागत होतं की काय?

“भाऊजी, एक मागतो,” ती म्हणाली. “तुमच्या त्या पुस्तकात माह्यं नाव नका येऊ देऊ. त्यायचंही नका देऊ. तिथी जाऊन मले पुन्हा वाघानं मारलेल्याची बायको नाई व्हायचं.”

तो हो म्हणाला. म्हणताना त्याला हेही कळत होतं की ती थोडंथोडकं मागत नव्हती. मुंबईचं प्रदर्शन त्या गोष्टीवर उभं होतं. पण कबूल करणं सोपं गेलं. कठीण होतं ते हे, की गोष्ट काढून घेतली तर खाली काय उरतं, ते त्याला माहीत नव्हतं. वहिनी उठून पुन्हा मशीनवर बसली. तिनं कापड सुईखाली सरकवलं, चाक फिरलं, आणि आई त्या आवाजावर मान डोलवत झोपी गेली. परतीच्या बसपर्यंत तो त्या ओसरीवर बसून होता. आत जाऊन कोठीवरची भिंत पाहावी असं त्याला एकदा वाटलं. तो उठला नाही.

चंद्रपूरला उतरल्यावर तो घरी न जाता हॉलवरच गेला. बंद करायची वेळ झाली होती, राखणदार बिरजू खुर्च्या रचत होता. त्यानं ओळखून आत सोडलं. प्रणित चित्राच्या उजव्या बाजूला जवळ जाऊन उभा राहिला. तिथं रंग खरंच जाड होता, बोटांचे वळ उमटलेले. त्यानं खिशातल्या किल्लीनं एक खपली उचकली. खाली तांबूस निघालं. ती पायवाट असू शकत होती. पण सुरुवातीला कॅनव्हासवर तो नेहमीच तांबूस अस्तर देई, आणि ते कुठंही खरवडलं तरी असंच निघालं असतं. त्यानं आणखी थोडं उचकलं, मग थांबला. सगळं खरवडलं तर एक तर वाट सापडेल किंवा नुसतं अस्तर, आणि वाट सापडली तरी ती कुठून कुठं जाते, हे तो कुणाला विचारणार होता? आपण ती का काढली आणि नंतर का बुजवली, दोन्ही त्याला माहीत नव्हतं. रंगाचा एक हात जगणाऱ्या भावाचा होता म्हणावं आणि दुसरा मेलेल्या भावाचा, तर मधे जो उभा होता, तो रंगानं माखलेला, तो कोण होता? बिरजूनं मागून विचारलं की साहेब, काही खराब झालं का. नाही, प्रणित म्हणाला. तशीच होती जागा.

दिव्यानीला त्यानं दुसऱ्या दिवशी सांगितलं की पुस्तकात भाऊ नको, वाघ नको, गावाचं नावही नको. तिनं खूप समजावलं. ती वाईट बाई नव्हती. तिला ती चित्रं मनापासून आवडत होती आणि ती लोकांपर्यंत पोचावीत एवढंच तिला हवं होतं. मग ही चित्रं कशाची आहेत असं मी लिहू, तिनं विचारलं. मला माहीत नाही असं लिही, तो म्हणाला. तसं लिहिता येत नाही, ती म्हणाली, आणि तेही खरंच होतं. आठवड्यानं गॅलरीकडून कळलं की सातऐवजी दोन चित्रं घेऊ, इतर चित्रकारांच्या सोबत, पुस्तक मात्र आता नको. कुठली दोन, ते त्यांनीच ठरवलं. पहिलं त्यांत नव्हतं. ते परत तुकुमच्या खोलीत आलं आणि भिंतीकडं तोंड करून उभं राहिलं, कारण खोलीत त्याला दुसरीकडं जागाच नव्हती.

लग्नाला तो आईला घेऊन माजरीला गेला. विहाराच्या पायऱ्यांवर, मांडवाच्या कापडावर, पाहुण्यांच्या पांढऱ्या कपड्यांवर कोळशाची बारीक काळी धूळ बसत होती आणि तिकडं कुणाचं लक्ष नव्हतं. वहिनीनं पांढरी साडी नेसली होती, केसांत गजरा होता. वंदना झाली, वधूवरांनी हार घातले, लोकांनी फुलं टाकली. आई काळा चष्मा काढून बघत होती. तिला आता दिसत होतं, आणि ती रडत होती की डोळ्याला धूळ लागत होती, हे विचारायचं त्याला धैर्य झालं नाही. जेवणाच्या पंगतीत आदेश स्वतः वाढायला फिरत होता, नवरदेव असून. ठेंगणा, रुंद खांद्यांचा, मोकळा माणूस. प्रणितच्या पत्रावळीवर त्यानं बुंदी टाकली आणि समोरच उकिडवा बसला.

“भाऊ, तुम्ही चित्रं काढता म्हने. कायची काढता?”

“गवताची.”

आदेशनं मान हलवली. आणखी काहीतरी येईल म्हणून तो बुंदीचं भगोणं मांडीवर घेऊन, प्रणितच्या तोंडाकडं पाहत, थांबून राहिला. प्रणितनंही वाट पाहिली, त्याच्याइतकीच. पुढचं काही आलं नाही. मग आदेशनं आणखी एक डाव बुंदी वाढली, आणि प्रणित जेवू लागला.